भारतात सगळ्या नागरिकांना लष्करी सेवा सक्तीची करावी का?

नको. आणि लष्कराला नावं ठेवायला म्हणत नाहीये. माझा सख्खा पुतण्या भरतीपायी झिजलाय.

आम्ही कळव्याचे. पोरगं पहाटे उठून खारेगावच्या रस्त्यावर सोळाशे मीटर धावायचं. बीमसाठी, म्हणजे पुल-अप्ससाठी, बिल्डिंगच्या टाकीखालचा पाइप, त्याला फडकं गुंडाळलेलं. तळहाताला घट्टे पडलेले. वहिनी रात्री चणे भिजत घालायच्या. मग कोरोना आला, दोन वर्षं भरतीच नाही, वय निघून गेलं. २०२२ ला चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना आली, त्या एका वर्षापुरती वयोमर्यादा २३ केली, म्हणून मुंब्र्याच्या भरतीत उतरायला तरी मिळालं. सोळाशे साडेपाच मिनिटांत आलं तर ६० मार्क, त्यापुढच्या पंधरा सेकंदांत आलं तर ४८. हा ४८ वाला. बीम पूर्ण मारले, मेडिकल निघालं, लेखीनंतर मेरिटला नाव नाही. आता महापेला गोदामात नाइट करतो.

त्याच दिवाळीत आमचे घोडबंदरवाले दाजी फराळाला आले. चकली मोडत म्हणाले, "हल्लीच्या पोरांना वळण नाही. इस्रायलसारखं सगळ्यांना दोन-तीन वर्षं पाठवायला पाहिजे." पुतण्या समोरच बसलेला. मी विचारलं, तुमच्या चिरंजीवांची कॉलेजातली एनसीसी कोणी सोडायला लावली? तर म्हणे परेड क्लासच्या आड येत होती. ताई मध्ये पडली म्हणून तिथंच थांबलो.

लोकांच्या पोरांना वळण लावायला लष्कर आहे काय? इस्रायल, सिंगापूर यांच्याकडे माणसंच कमी, त्यांची ती गरज आहे. आपल्याकडे दरवर्षी दोन कोटींहून जास्त मुलं-मुली अठराची होतात आणि अख्खं भूदल बारा लाखांच्या आसपास. ठेवणार कुठं, शिकवणार कोण? जे स्वतःहून अग्निपथमधून येतात त्या अग्निवीरांतलेही जास्तीत जास्त २५ टक्केच चार वर्षांनंतर कायम होऊ शकतात. दारात रांग असताना घरात बसलेल्यांना ओढून कशाला आणायचं? बरं, १९६२ च्या युद्धानंतर कॉलेजात एनसीसी सक्तीची केली होती. १९६८ ला परत ऐच्छिक करावी लागली.

कायद्याचं म्हणाल तर संविधानाच्या कलम २३ नुसार सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावता येते. फक्त धर्म, वंश, जात, वर्ग बघून भेद करायचा नाही. युद्धच पेटलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा मीही नाही म्हणणार नाही. पूर-भूकंपाचं प्रशिक्षण सगळ्यांना दिलं तरी चालेल.

तुम्हाला स्वतःला हौस असेल तर टेरिटोरियल आर्मी, म्हणजे लष्कराचं अर्धवेळ दल, बघा. पदवी आणि नोकरीधंदा असला तर ४२ व्या वर्षापर्यंत अधिकारी म्हणून अर्ज करता येतो, नोकरी सोडावी लागत नाही. चिरंजीवांसाठी ती जाहिरात मी दाजींना पाठवली होती. निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. पुढची निघाली की परत पाठवणार आहे.