वासाने जागी झालेली आठवण अधिक खरी असते का?

आपण विचारले आहे की डांबराच्या गोळ्यांचा वास आला की आजोळचे कपाट क्षणात डोळ्यांपुढे उभे राहते, त्याच घराचा फोटो पाहून मात्र तसे होत नाही, हे कसे; आणि अशी आठवण अधिक विश्वासार्ह मानावी का. वासाचे संवेदन आणि स्मृती हा माझा संशोधनाचा विषय आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: ती अधिक भावपूर्ण असते, अधिक अचूक असतेच असे नाही.

मेंदूतील वाटांपासून सुरुवात करू. दृश्य, आवाज आणि स्पर्श यांचे संदेश थॅलॅमसमार्गे, म्हणजे मेंदूच्या मध्यभागी असलेल्या वाटप-केंद्रातून, मेंदूच्या बाह्यकाकडे, म्हणजे बाहेरच्या थराकडे जातात. वासाचा संदेश मात्र नाकातील ग्राही पेशींकडून, म्हणजे वास टिपणाऱ्या पेशींकडून, घ्राणकंदात (मेंदूतील वासाच्या पहिल्या थांब्यात) येतो आणि तेथून थॅलॅमसला वळसा घालून थेट गंधाच्या बाह्यकात व अमिग्डालात पोहोचतो. भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डालाला लागूनच, घटनांच्या स्मृतीसाठी आवश्यक असा हिप्पोकॅम्पस आहे. बहुतेक लेख येथेच थांबतात. माझ्या मते एवढ्याने भागत नाही, कारण ही वाट रोजच्या चहाच्या वासालाही उपलब्ध असते आणि तरीही त्या वासाने आपल्याला कोणताही विशिष्ट दिवस आठवत नाही. ज्या वासाची गाठ पहिल्यांदा एखाद्या जागेशी पडली आणि जो पुढे क्वचितच इतरत्र भेटला, तोच आठवण ओढून आणतो. स्टॉकहोम विद्यापीठातील योहान विलांडर आणि मारिया लार्सन यांनी २००६ मध्ये ६५ ते ८० वयाच्या ९३ जणांना शब्द, चित्रे किंवा वास देऊन आठवणी सांगायला लावल्या. शब्द आणि चित्रे यांनी जाग्या झालेल्या आठवणी प्रामुख्याने ११ ते २० या वयातल्या होत्या. वासाने जाग्या झालेल्या मात्र वयाची १० वर्षे पूर्ण होण्याआधीच्या. विशेष म्हणजे नाकातील ग्राही पेशी सतत मरत आणि नव्याने तयार होत असतात, तरी ही गाठ टिकून राहते.

आता अचूकतेविषयी. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या रेचल हर्ट्झ यांनी पॉपकॉर्न, ताजे कापलेले गवत आणि शेकोटी यांविषयीच्या आठवणी दृश्य, आवाज आणि वास अशा तिन्ही मार्गांनी जागवून पाहिल्या. वासाने आलेल्या आठवणी अधिक भावपूर्ण होत्या आणि आपण पुन्हा त्या प्रसंगात शिरलो आहोत असे लोकांना अधिक वाटले. स्पष्टता आणि तपशील यांत मात्र वासाची सरशी झाली नाही. गळा दाटून आला म्हणजे तपशील बरोबरच असणार, असा निष्कर्ष आपण नकळत काढतो. त्याला या प्रयोगातून आधार मिळत नाही.

शिवाय वास ओळखणे हेच मुळात स्मृतीवर अवलंबून असते. हर्ट्झ यांनीच यूलिया फॉन क्लेफ यांच्यासह केलेल्या २००१ च्या प्रयोगात आयसोव्हॅलेरिक आणि ब्युटिरिक आम्लांचे एकच मिश्रण एकदा ‘पार्मेझान चीज’ म्हणून आणि एकदा ‘ओकारी’ म्हणून हुंगायला दिले गेले; नाव बदलताच त्याच माणसाचे त्याच वासाविषयीचे मत बदलले. मिथाइल सॅलिसिलेट या वासाच्या रसायनाची गोष्ट आपल्याला अधिक जवळची वाटेल. अमेरिकेत हा ‘विंटरग्रीन’ गोळ्यांचा आणि च्युइंगगमचा, म्हणून आवडता वास. आपल्याकडे तोच गंधपुऱ्याच्या तेलाचा, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमाचा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डॉटी यांनी तयार केलेल्या, वास ओळखण्याची क्षमता तपासणाऱ्या, खरवडून हुंगायच्या ४० वासांच्या प्रसिद्ध चाचणीत विंटरग्रीनबरोबर रूट बिअर (अमेरिकेतील एक गोड पेय) आणि चेडर चीजही आहे. साताऱ्यातील सत्तरीच्या आजींनी रूट बिअर ओळखली नाही, तर दोष त्यांच्या नाकाचा की त्यांनी ती कधी हुंगलेलीच नाही याचा, हे चाचणीत मिळालेल्या गुणांवरून कळत नाही. म्हणून आपल्याकडे अशी चाचणी घेताना लवंग, हिंग, कापूर, रॉकेल अशा घरोघरी हुंगलेल्या वासांची निवड करावी लागते, आणि तरीही कुपी उघडण्यापूर्वी समोरच्या व्यक्तीचे बालपण कोठे गेले हे विचारून घ्यावे लागते.