कानाचं मशीन घेण्याआधी पॉलिसी वाचा

दादा, आबांच्या कानाचं मशीन विम्यात बसेल का, असं तुम्ही विचारलंत. मशीन घ्यायच्या आधी पॉलिसीतलं 'एक्सक्लूजन्स' (काय वगळलंय त्याची यादी) हे पान काढा. कानाचं मशीन, चष्मा, कवळी या वस्तू बहुतेक आरोग्य विम्यांत तिथंच वगळलेल्या असतात. माझ्या आईच्या वेळी एजंट म्हणाला, "सगळं कव्हर आहे." क्लेम फेटाळल्यावर मी ते पान वाचलं. तोंडी शब्दावर जाऊ नका, उत्तर ई-मेलवर लेखी मागा. कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवतात त्या यंत्राची, गोष्ट वेगळी. त्यात रुग्णालयात भरती व्हावं लागतं, म्हणून काही पॉलिसी ते देतात. तुमच्या कंपनीचा ग्रुप विमा असेल तर एचआरला विचारा, आईवडिलांचा कव्हर आणि मशीन, दोन्ही वेगवेगळं विचारा.

विम्यात नसलं तरी खचू नका. आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. संभाजीनगरच्या घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात कानाच्या विभागात चौकशी करा, लातूर-नांदेडकडचे असाल तर तिथल्या मेडिकल कॉलेजात. दोन्ही कानांचा दोष 60 डेसिबलच्या पुढं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज लगेच टाका. 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला की दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मशीन मागता येतं, उत्पन्नाची अट मात्र आहे. आबा 65 किंवा त्याहून मोठे असतील तर राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 3000 रुपये मिळू शकतात. चांगल्या डिजिटल मशीनला ते पुरत नाहीत, पण सोडूही नका.

आणि ट्रायलशिवाय मशीन घेऊ नका. आबांना घरच्या गलक्यात, शेतात, फोनवर ऐकू येतंय का ते चार दिवस बघा.