सध्याच्या बातम्यांमधली कुठली छोटीशी गोष्ट तुमच्या डोक्यात अडकून बसलीय, आणि त्यावरून काय वाचलंत?

घड्याळ. म्हणजे निवडणुकीतलं नाही, भिंतीवरचं.

राजकारण, युद्ध, शेअर मार्केट यावर लिहिणारे इथे पोत्याने आहेत, म्हणून मी आपली आतल्या पानावरची बातमी घेतो. २०२५ च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने एक मसुदा लोकांच्या सूचनांसाठी काढला होता, की सरकारी, कायदेशीर, व्यापारी अशा सगळ्या कामात भारतीय प्रमाणवेळच वापरायची, दुसरी कुठली चालणार नाही, खगोलशास्त्र नि जहाजवाल्यांना वगैरे परवानगी घेऊन सूट. पेपरवाल्यांनी लगेच 'एक देश, एक वेळ' असं हेडिंग ठोकलं. आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचं एकच, अरे मग आत्तापर्यंत काय दोन वेळा होत्या का?

मसुद्याचा मुद्दा तसा वेगळाय, तो मिलिसेकंदांचा आहे. बँकांचे सर्व्हर, मोबाइल नेटवर्क, विजेचं ग्रिड यांनी वेळ बाहेरच्या देशांच्या सॅटेलाइटकडून उचलण्यापेक्षा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या अणुघड्याळांवरून घ्यावी असं ते म्हणणं, आणि मला ते पटतं. पण ग्रुपवरच्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'हो, होत्या' असंच आहे, आणि त्याही आपल्याच मुंबईत, स्वातंत्र्यानंतरसुद्धा.

झालं असं की पूर्वी प्रत्येक मोठ्या शहराची वेळ तिथल्या सूर्यावर चालायची. मुंबईची ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे आली, तारा आल्या, आणि हे प्रकरण जड जायला लागलं म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांनी तीच मद्रास वेळ मुंबईकरांच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला तर लोकांनी एवढा आरडाओरडा केला की दोन वर्षांत सरकारला गप्प बसावं लागलं. मग १ जानेवारी १९०६ पासून आत्ताची साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली, म्हणजे मुंबईने रातोरात घड्याळ ३९ मिनिटं पुढे करायचं.

आता साल बघा. आदल्याच वर्षी बंगालची फाळणी झालेली, स्वदेशीचं वारं वाहतंय आणि त्यात सरकार म्हणतंय तुमचं घड्याळही आम्ही सांगू तसं लावा. पण मला त्यातला गिरणी कामगारांचा भाग जास्त खरा वाटतो. त्याला फाळणी करणाऱ्या व्हाइसरॉय कर्झनशी काय देणंघेणं असेल नसेल, पण भोंगा ३९ मिनिटं आधी वाजणार म्हणजे थंडीतल्या काळोखात उठून चालायचं हे त्याला बरोब्बर कळलं. हजारो कामगारांनी त्या जानेवारीत काम बंद करून दंगा केला. पुढे म्युनिसिपालिटीने ठराव करून आपली जुनी मुंबई वेळच धरली आणि ती चक्क स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडली नाही! दुसऱ्या महायुद्धात सरकारने सगळ्या देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढे नेलं होतं, तेव्हा काय मजा असेल.

आमचे आजोबा गिरगावातले, ते सांगायचे की लग्नपत्रिकेवर बीटी की एसटी ते लिहावं लागायचं, बॉम्बे टाइम का स्टँडर्ड टाइम. नाहीतर वऱ्हाड एका वेळेला आणि भटजी दुसऱ्या. एसटी म्हणजे लाल डबा नव्हे हेही ते दर वेळेला सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

वाचायचं असेल तर जिम मॅसेलोस या ऑस्ट्रेलियन इतिहासकाराचा बॉम्बे टाइमवरच एक आख्खा लेख आहे, आणि व्हेनेसा ओगल यांच्या जगभरातल्या वेळेच्या इतिहासावरच्या पुस्तकात मुंबईवर बरंच आहे. दोन्ही इंग्रजी. मराठीत यावर एखादं जाडजूड पुस्तक का नाही कळत नाही, खरं तर १८६३ मध्ये गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचे वर्णन' लिहून ठेवलंय, म्हणजे राजाबाई टॉवर उभा राहायच्या पंधरा वर्षं आधी, तर शहरावर लिहायची सवय आपल्याला होती.

आणि कुलाब्याची वेधशाळा, ती १८२६ ची, बंदरातल्या जहाजांना बरोबर वेळ मिळावी हे तिचं एक मुख्य काम. तिचं चुंबकीय मोजमाप नंतर अलिबागला न्यावं लागलं कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्या विजेने सुया हलल्या असत्या. विषयांतर झालं, पण हे मला फार आवडतं, आख्खं मोजमाप ट्रामला घाबरून समुद्रापलीकडे.

बरं, ही ३९ मिनिटं कुठे गेली नाहीयेत. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाची, आपण पावणेत्र्याहत्तरच्या आसपास, एक अंशाला चार मिनिटं, करा हिशोब. मुंबईत घड्याळाच्या बारा वाजता सूर्य डोक्यावर येतच नाही. मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस असतो ना, तेव्हा गच्चीत पाण्याची बाटली उभी करून ठेवा, बारा वाजता छोटीशी सावली पश्चिमेकडे पडलेली दिसते, मग ती आखडत आखडत १२:३५ च्या सुमाराला बुडाखाली जाते. पोरांना दाखवायला एक नंबर, फक्त चप्पल घालून जा, गच्ची भाजते. आमच्या दादरकडचे पारशी शेजारी दुपारच्या प्रार्थनेचा गेह, म्हणजे प्रहर, १२:४० च्या आसपासच सुरू झाला असं धरतात, म्हणजे तिथे मुंबईची वेळ अजून चालूच आहे म्हणा ना.

म्हणूनच ती शाळांची बातमी मला याच फायलीतली वाटते. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं काढलं, त्यावर बसवाले, डबल शिफ्टवाल्या शाळा, नोकरी करणाऱ्या आया सगळ्यांची कुरकुर. कुरकुर खरी आहे, पण जानेवारीत आपल्याकडे सूर्यच उगवतो सव्वासातच्या आसपास, तर सातची शाळा म्हणजे सूर्याच्या हिशोबाने सहा एकवीस. सहा वर्षांचं पोर त्या वेळेला दप्तर घेऊन नाक्यावर उभं. माझं मत विचाराल तर घड्याळ सगळ्या देशाचं एकच ठेवा, घंटा मात्र प्रत्येक गावाने आपापल्या उजेडाने वाजवावी, आसामातल्या चहाच्या मळेवाल्यांनी मळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे ठेवून जवळपास तेच केलंय.

अजून एक, मग थांबतो. १९७२ पासून जगाच्या घड्याळाचा पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राहावा म्हणून त्यात अधूनमधून एक जादा सेकंद, म्हणजे लीप सेकंद, घालतात, आत्तापर्यंत २७ झाले, आणि २०२२ मध्ये ठरलं की २०३५ पर्यंत हा प्रकार बंद करायचा. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ला पहाटे साडेपाचच्या तोंडावर आला, ५:२९:५९ नंतर ५:२९:६०. तेव्हा मी ढाराढूर झोपलो होतो. पुढचा आला तर उठून बघायचाय, पण पृथ्वी हल्ली जरा जोरात फिरतेय म्हणतात, त्यामुळे येईल की नाही शंकाच आहे.