आभार मानण्यासाठी वाईन आणि खाऊचं हॅम्पर घरीच कसं तयार करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या आजारपणात शेजारच्या काका-काकूंनी दवाखान्याच्या खेपा घातल्या. दोघं शाकाहारी आहेत, अधूनमधून वाईन घेतात. पुण्यातच द्यायचं आहे, बजेट चार हजार, आणि बांधणी घरीच करायची आहे.

तयार हॅम्पर टाळताय ते बरंच आहे. त्यात बहुतेक वेळा एक बाटली आणि तिच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या दहा-बारा पुड्या असतात. तुम्ही उलट्या बाजूने सुरुवात करा. आधी बाटल्या ठरवा, मग त्यांच्याबरोबर काय खाल्लं जाईल ते. काका-काकूंनी टोपली उघडली की त्याच संध्याकाळी दुकानात न जाता बसता यावं, एवढंच बघायचं. ७५० मिलीच्या एका बाटलीत साधारण पाच ग्लास होतात, त्यामुळे दोघांसाठी दोन बाटल्या भरपूर झाल्या.

एक पांढरी, एक लाल घ्या. पांढऱ्यात नाशिकच्या सुला कंपनीची शेनिन ब्लाँ (हे द्राक्षाच्या जातीचं नाव) घ्यावी असं मी सुचवेन. ती किंचित गोडसर असते आणि आपल्याकडच्या तिखट-मीठ खाण्याला अशीच वाईन झेपते. लाल वाईनमध्ये सुलाचीच दिंडोरी रिझर्व्ह शिराझ किंवा अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची सांजोवेझे, दोन्ही चालतील; शिराझ आणि सांजोवेझे हीही द्राक्षांचीच नावं. अर्ध्याहून थोडे जास्त पैसे बाटल्यांवर जातील, आणि जाऊ द्यावेत. स्पार्कलिंग छान दिसते, पण तिची बाटली जाड काचेची, वजनदार आणि जास्त रुंद असते, टोपलीचा सगळा तोल बिघडवते.

दुकानात बाटली निवडताना घाई नको. काचेच्या शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली किंवा दुपारच्या उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा. मान हातात धरून बघा: चिकट लागली, बूच वर सरकलेलं दिसलं किंवा शेजारच्या बाटल्यांपेक्षा पातळी खाली असली, तर ती उन्हातान्हात तापलेली आहे, ठेवून द्या. मागच्या लेबलवर वर्ष किंवा बाटलीबंद केल्याचा महिना असतो. नाशिकला द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते, वाईनचं वय तिथून मोजा. शेनिनसारखी पांढरी वाईन ताजीच चांगली, दोन वर्षांपेक्षा जुनी घेऊ नका. ‘जुनी तेवढी चांगली’ हा हिशोब या वाईनला लागू नाही. बूच असलेली बाटली घेतलीत तर टोपलीत बूच काढायचा स्क्रूही ठेवा. फिरकीचं झाकण असेल तर प्रश्नच मिटला.

आता खाणं. दोघांसाठी एवढं पुरे: दोनशे ग्रॅम भाजके खारे काजू (वेंगुर्ल्याकडचे मिळाले तर उत्तम), दीडशे ग्रॅम सांगली-तासगावचे बेदाणे, दोनशे ग्रॅम भाजणीच्या चकल्या, दीडशे ग्रॅम बिनमसाल्याची साधी बिस्किटं किंवा लवाश (पातळ कुरकुरीत रोटी), दीड-दोनशे ग्रॅम घट्ट चीज आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी जॅमची लहान बाटली. काजूचं मीठ लाल वाईनचा तुरटपणा कमी करतं. चकली आणि शेनिनची जोडी तर परदेशी पुस्तकात सापडणार नाही, पण जमते झकास, कारण तिखटाला तो गोडसरपणा सांभाळून घेतो. तीच चकली शिराझबरोबर खाल्ली तर तिखट जास्त झोंबतं. तुरट आणि जास्त अल्कोहोलची वाईन तिखटाची आग वाढवते.

लोणचं ठेवू नका. त्यातलं तेल, मोहरी आणि आंबट यांच्यापुढे कुठल्याच वाईनची चव लागत नाही. पेढे-बर्फी दोन कारणांनी नको: एक तर बाहेर टिकत नाही, आणि गोडाबरोबर कोरडी (म्हणजे गोड नसलेली) वाईन आंबट-कडू लागते. मिल्क चॉकलेटचंही तेच होतं. गोड हवंच असेल तर लाल बाटलीऐवजी लेट हार्वेस्ट शेनिनची (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन) छोटी बाटली घ्या आणि तिच्यासोबत नानकटाई द्या, तो वेगळा पण चांगला बेत आहे.

सगळ्यात जास्त चुका चीजमध्ये होतात. मऊ, पांढऱ्या सालीचं ब्री किंवा कॅमेम्बर्ट पुण्याच्या उन्हाळ्यात तासाभरात पाणी सोडतं. मुरलेलं चेडर किंवा गौडा घ्या, ते तीन-चार तास तग धरतं. शाकाहारी घर आहे म्हणून पाकिटावरचा हिरवा ठिपका बघायला विसरू नका. चीज टोपलीत मात्र ठेवूच नका. गार पाकिटाला पाणी सुटतं, त्याने बिस्किटं मऊ पडतात आणि बाटलीचं लेबल सुटतं. वेगळ्या पिशवीत नेऊन ‘काकू, हे आधी फ्रिजमध्ये टाका’ म्हणून हातात द्यायचं.

टोपलीसाठी बुरूड आळीत जा. आतून साधारण ४० बाय ३० सेंटिमीटर, खोली पंधरा ते अठरा. कडी नुसती तारेने अडकवलेली असते की कामटी विणीतून खाली तळापर्यंत गेलेली असते, हे ओढून बघा. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते, म्हणजे सगळं मिळून पाच किलोच्या जवळ जातं, आणि तारेची कडी नेमकी जिन्यात निसटते. कडी कशीही असो, उचलताना एक हात तळाखाली हवाच.

तळाला दुहेरी पुठ्ठा कापून बसवा, नाहीतर बाटलीचा बूड विणीत रुततो. त्यावर कागदाच्या कातरणीचा तीन बोटं थर. बाटल्यांना खालून निम्म्यापर्यंत पन्हाळी पुठ्ठ्याचा एक वेढा द्या, लेबल दिसू दे. दोन्ही बाटल्या मागच्या दोन कोपऱ्यांत, थोड्या तिरक्या ठेवा आणि मानेला सुतळीचा एक फेर देऊन टोपलीच्या काठाला बांधा. जॅमची बाटली पुढे, मध्ये काजूचं पाकीट घालून, म्हणजे काच काचेला लागणार नाही. चकल्या पिशवीत दिल्या तर पोचेपर्यंत चुरा होतो, कडक डब्यात भरा. चकल्या आणि काजू दोन्ही ताजे घ्या, खवट वास सगळ्या टोपलीला लागतो. बाकी पोकळी कातरणीने ठासा. मग टोपली एका बाजूला कलती करून हलवा. किणकिण ऐकू आली तर अजून कातरण घाला, आवाज बंद होईपर्यंत.

पारदर्शक कागदात गुंडाळायचं असेल तर वरून एक बाजू उघडी ठेवा. आत ताजी फळं असतील तर बंद कागदाला आतून घाम येतो. गाडीत नेताना डिकीत किंवा उन्हातल्या सीटवर ठेवू नका. आणि ज्या कपाटात डांबरगोळ्या किंवा उदबत्त्या आहेत तिथे आदल्या रात्री चुकूनही ठेवू नका, बिस्किटांना तो वास लगेच लागतो.

सोबत एक चिठ्ठी हवी. आभाराच्या दोन ओळींखाली लिहा: शेनिन दोन-अडीच तास फ्रिजमध्ये, चकलीबरोबर. शिराझ अर्धा तास फ्रिजमध्ये, चीज-बेदाण्यांबरोबर. लाल वाईन घरातल्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड देशांतला आहे, आपल्याकडच्या तीस अंशांच्या खोलीत ती नुसती दारूसारखी झोंबते. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चालते, तेही लिहा.

तारीख ठरवण्याआधी ड्राय डे बघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ही नेहमीची नावं आहेतच, पण मतदान असेल तर मतदान संपण्याच्या ४८ तास आधीपासून दुकानं बंद असतात. असंच हॅम्पर पुढे बाहेरगावी पाठवायचं झालं तर बाटली कुरिअरला देऊ नका, नेहमीचे कुरिअरवाले दारू घेत नाहीत आणि लपवून दिली तर फुटल्यावर बोलायची सोय नाही. खाऊ पाठवा, बाटली तिथल्याच कुणाला घ्यायला सांगा. वर्धा, गडचिरोली किंवा गुजरातेत द्यायचं असेल तर तीही नको, तिथे दारूबंदी आहे. मग काजू, बेदाणे, जॅम आणि कोकम सरबताची बाटली एवढंच बांधा.