धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणात एका घावात माणूस गेला, खुनाचं कलम १०३ लागेल का १०५?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, इंग्रजी सिरीयलमधी फर्स्ट डिग्री सेकंड डिग्री मर्डर असतंय तसं आपल्याकडं हाय का, आन धुऱ्यावर एकच घाव बसून माणूस गेला तर खून धरतेत का. मी परभणीला वकिलाकडं २२ वर्षं कारकुनी केली, तेवढ्यावर सांगतो.

डिग्री हे अमेरिकेचं, १७९४ ला पेनसिल्व्हेनियात सुरू झालं, फाशी फक्त ठरवून केलेल्या न् दरोडा-जाळपोळीतल्या असल्या खुनांपुरतीच राहावी म्हणून. आपल्याकडं डिग्री नाही. सदोष मनुष्यवध (गुन्हा ठरंल असं माणूस मारणं) ही मोठी टोपली, त्यातलाच काही भाग खून. जुन्या दंड संहितेचं (आयपीसी) ३०२ म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं १०३, खुनाचं; जुनं ३०४ म्हणजे १०५, खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाचं; पण घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असंल तर जुनीच कलमं लागतेत. १०३ ला फाशी नाहीतर जन्मठेप. १०५ मधी मारायचा किंवा जीव जाईल अशी जखम करायचा उद्देश दिसला तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं, नुसती जाणीव होती म्हणलं तर १० वर्षांपर्यंत.

आता पारावरचे लोक सांगतेत की एकच वार हाय म्हणजे खून नाही. साफ चूक. १९५८ ला विरसा सिंगच्या केसमधी भाल्याचा एकच घाव होता पोटात, तरी खूनच धरला सुप्रीम कोर्टानं (निकाल लिहिणारे विवियन बोस आपले नागपूरचे). जी जखम करायची होती तीच केली का, आन ती सर्वसाधारणपणे जीव जायला पुरेशी का, एवढंच बघायचं. म्हणून पीएम (शवविच्छेदन) करणाऱ्या डॉक्टरची उलटतपासणी लई महत्त्वाची.

खुनातून सुटून १०५ वर येतं ते कायद्यातल्या अपवादात, अचानक भांडण, आधी ठरवलेलं काही नाही, समोरच्याचा गैरफायदा घेतला नाही, क्रूरपणा केला नाही. आमच्याकडं एक भाऊबंदकीची केस होती, अख्खा दिवस एकाच प्रश्नावर गेला बगा, कुऱ्हाड आधीच हातात होती का आखाड्यावरून आणली? तो धुऱ्यावरची बाभळ तोडायला होता हे साक्षीदारानंच कबूल केलं, वर घाव धारेचा नाही, तुंब्याचा (कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूचा). तेव्हा ३०२ चं ३०४ झालं. आणायला गेला असता तर तेवढ्या चार पावलांतच केस गेली असती.

त्यामुळं एफआयआरला १०३ लिहिलंय म्हणून हातपाय गाळू नका, पोलीस सुरुवातीला बहुतेक तेच लावतेत. वकिलाला पीएम रिपोर्ट आन पंचनाम्यातली हत्याराची जागा आधी दाखवा.