एका दिवसात धंदा शिकवता येतो का?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको चर्चतर्फे पेठ तालुक्यातल्या एका बचत गटाला नागलीच्या पापडाचा व्यवसाय शिकवायला एक दिवस जाणार आहोत. दिवसभरात नेमकं काय घ्यावं?
– एक दांपत्य, शरणपूर रोड, नाशिक

उत्तर: पापड करायला शिकवू नका, ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगले येतात. शिकवा तो हिशोब. फळ्यावर एक किलो पिठाचा खर्च मांडा. उदाहरणार्थ पीठ ६० रुपये, तीळ-जिरे-पापडखार-मीठ २५, सरपण १५, पिशवी-लेबल १२, नाशिकपर्यंतचं भाडं ८, झाले १२०. विक्री २२० ला, म्हणजे १०० सुटले असं सगळ्या म्हणतील. मग तीन तासांची मजुरी, ताशी ५० धरून, मिळवा. खर्च २७०, म्हणजे ५० चा तोटा! गट बहुधा इथेच बुडतात, कारण घरच्या बाईची मजुरी कोणी धरतच नाही. भाव त्यांच्याकडूनच विचारून घ्या, छापील तक्ता नेऊ नका. तुटलेले पापड वजा करायला लावा. कडकडीत वाळण्याआधी पिशवी सील केली तर बुरशी येते आणि दुकानदार माल परत करतो.

दुपारी रोजची वही: जमा, खर्च, उधारी. पैसे ठेवायला घरचा आणि धंद्याचा डबा वेगळा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत असते, एजंटला पैसे देऊ नयेत; खाद्यपदार्थासाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी मात्र हवीच.

भातलावणीत जाऊ नका, कोणी येणार नाही. महिन्याभराने वही तपासायला पुन्हा जा.