सिकलसेल, किडनी आणि कलर डॉप्लर

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा, एसएस पॅटर्न (आई-वडील दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलेलं, म्हणजे आजारच). किडनीचा कलर डॉप्लर करायला सांगितलाय. साध्या सोनोग्राफीत दिसत नाही का? (एक आई, गडचिरोली)

साध्या सोनोग्राफीत किडनीचा आकार, खडे, सूज दिसते. आत रक्त कसं वाहतंय ते डॉप्लर सांगतो. मशीन तेच, सुई नाही, एक्स-रे नाही. पडद्यावर करवतीच्या दात्यांसारखी लाट उमटते. ठोका पडला की टोक वर जातं, मग उतरतं. पण निरोगी किडनीत ते तळाला टेकत नाही, दोन ठोक्यांच्या मधेही रक्त पुढं सरकत असतं. समजा टोकाला वेग सेकंदाला 50 सेंटिमीटर, उताराच्या शेवटी 20. फरक 30, भागिले 50, म्हणजे 0.60. रिपोर्टात 'आरआय' (रेझिस्टिव्ह इंडेक्स, म्हणजे रक्ताच्या वाटेतला अडथळा दाखवणारा आकडा) लिहितात तो हा. मोठ्यांमध्ये साधारण 0.70 पर्यंत ठीक मानतात.

किडनीच्या गाभ्यात ऑक्सिजन मुळातच कमी आणि खारटपणा जास्त. तिथं सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाटा बुजतात; मग उतारावरचा वेग पडतो आणि आरआय चढतो. मात्र नाडीचा वेग बदलला तरी हा आकडा हलतो, आणि रडणाऱ्या मुलाची लाट नीट पकडताच येत नाही. एका रिपोर्टवर झोप उडवून घेऊ नका.

प्रश्न : 'उपाशी पोटी या' म्हणालेत. पाणीही द्यायचं नाही? (त्याच ताईंचा)

पाणी द्याच! पोटातला गॅस आड येऊ नये म्हणून जेवण टाळतात, एवढंच. सिकलसेलच्या मुलांची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, पाणी निघून जातच राहतं. (रात्री अंथरूण ओलं होतं तेही बरेचदा यामुळे, त्यावरून मुलाला बोलू नका.) मे महिन्यात एसटीनं दोन तास कोरड्या घशानं आलेलं पोर माझ्या टेबलावर दुखण्यानं कळवळलेलं मी पाहिलंय. घरच्यांनी 'उपाशी'चा अर्थ निर्जळी घेतला होता.

प्रश्न : क्रिएटिनिन 0.5 आलंय. म्हणजे किडनी उत्तम ना? (नंदुरबार)

नाही म्हणता येत. सिकलसेलमध्ये कोवळ्या वयात किडनी गरजेपेक्षा जास्त गाळते, म्हणून क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) कमीच दिसतं. ते वाढेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. दहाव्या वर्षापासून दरवर्षी लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर बघावं. ते 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर आलं तर सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा. खिशात एकाच तपासणीचे पैसे असतील, तर मी स्वतः डॉप्लरवाला असूनही ही लघवीची तपासणी करा म्हणेन. आणि अंग दुखलं की मेडिकलमधून आपल्याच मनानं डायक्लोफिनॅक (किडनीला त्रास देऊ शकणारी वेदनाशामक गोळी) आणणं बंद.

प्रश्न : मी फक्त वाहक, एएस (एकाच पालकाकडून जनुक आलेलं). लघवीतून रक्त गेलं, दुखलं काहीच नाही. (धारणी)

वाहकांनाही असं होतं, बहुतेकदा डाव्या किडनीतून. पण सगळं सिकलसेलच्या माथी मारू नका. खडा असू शकतो. क्वचित, विशेषतः तरुण वाहकांत, किडनीच्या गाभ्याचा कर्करोगही असतो. या आठवड्यातच सोनोग्राफी करा. गरज पडली तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतील.